पडद्यावरचा वर्ग, सभागृहातली परीक्षा

तुवालूच्या संसदेत १६ सदस्य बसतात. प्रशांत महासागरातल्या नऊ बेटांचा हा देश. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. पण त्या १६ जणांपुढची कामे गावापुरती नाहीत. देशाचा अर्थसंकल्प मंजूर करायचा, आपल्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या परदेशी जहाजांशी व्यवहार ठरवायचा, समुद्राची पातळी वाढत असताना देश टिकेल कसा हा प्रश्न जागतिक परिषदांत मांडायचा. सदस्यांपैकी बरेच जण मंत्री असतात. सरकारला जाब विचारायला उरतात ते थोडेच. त्यांच्या हाताखाली संशोधकांची फौज नाही. परदेशी प्रशिक्षणाला जायचे तर आधी फिजी गाठायचे आणि तिथून पुढचे विमान पकडायचे. एका वेळी दोन सदस्य गेले, तर संसदेचा आठवा हिस्सा देशाबाहेर गेला.

राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या सुमारे १८० शाखा आहेत. त्यांतल्या चाळीसहून अधिक शाखा पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या प्रदेशांतल्या, म्हणजे अशाच छोट्या विधिमंडळांच्या आहेत. या मंडळाने अलीकडच्या वर्षांत सदस्यांसाठी आणि संसदीय कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम उभे केले. सभागृहाचे कामकाज कसे चालते, समितीने साक्ष कशी नोंदवायची, सरकारी खर्चावर नजर कशी ठेवायची, हे आता आपल्या बेटावर बसून शिकता येते. राजकीय नेतृत्वाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात हा मोठा बदल आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र त्याच्याकडून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, हेही नीट समजून घेतले पाहिजे. पडद्यावरून माहिती पोचते. नेतृत्व तयार होते ते त्या माहितीवर सोबत्यांशी घातलेल्या वादातून आणि आपल्याच सभागृहात तिचा वापर करून पाहण्यातून. हे दोन्ही ज्या अभ्यासक्रमात नाही, तो कितीही देखणा असला तरी अपुरा आहे.

मुळात लोकप्रतिनिधीला प्रशिक्षण हवेच कशाला, असे विचारणारे अनेक आहेत. डॉक्टरला पदवी लागते, वकिलाला सनद लागते. लोकप्रतिनिधीला फक्त लोकांची मते लागतात. हीच लोकशाहीची थोरवी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण म्हणूनच शिकण्याची सगळी जबाबदारी निवडून आल्यानंतरच्या दिवसांवर येते. काल शेतात, दुकानात किंवा शाळेत काम करणाऱ्या माणसासमोर आज शेकडो पानांचा अर्थसंकल्प येतो. तो त्याला वाचता आला नाही, तर त्याच्या नावाने कारभार अधिकारी करतात आणि तो फक्त हात वर करतो. मतदारांनी दिलेला अधिकार प्रत्यक्षात वापरता यावा, एवढ्यासाठीच हे शिक्षण आहे.

ते आजवर कोणाला मिळाले, हेही पाहावे लागेल. परदेशातल्या परिषदा आणि अभ्यासदौरे यांच्या जागा मोजक्या असतात. त्या बहुधा ज्येष्ठांना, पक्षनेतृत्वाच्या मर्जीतल्यांना आणि घर सोडून पंधरा दिवस जाऊ शकणाऱ्यांना मिळतात. पहिल्यांदा निवडून आलेली, घरी लहान मूल असलेली सदस्य त्या यादीत क्वचितच दिसते. १८८९ साली स्थापन झालेल्या आंतरसंसदीय संघाच्या आकडेवारीनुसार जगभरच्या संसदांत महिलांचे प्रमाण सुमारे २७ टक्के आहे आणि तिशीच्या आतल्या सदस्यांचे प्रमाण ३ टक्क्यांनाही पोचत नाही. ज्यांची संख्या कमी त्यांना शिकण्याची संधीही कमी, असे हे दुहेरी नुकसान आहे. ऑनलाइन वर्गाचा पहिला आणि निर्विवाद फायदा म्हणजे तो हे दार उघडतो. रात्री मूल झोपल्यावर, मतदारसंघातला शेवटचा माणूस निघून गेल्यावरही तो वर्ग भरू शकतो.

दुरून शिकवण्याची ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे, आणि तिचे एक उगमस्थान पुन्हा प्रशांत महासागरातच सापडते. फिजीची राजधानी सुवा येथे १९६८ साली दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ सुरू झाले. बारा देशांनी मिळून चालवलेले हे विद्यापीठ. त्याचे विद्यार्थी लक्षावधी चौरस किलोमीटरच्या समुद्रात विखुरलेले. सगळ्यांना सुव्याला आणणे शक्य नव्हते. अमेरिकेच्या नासाने १९६६ मध्ये सोडलेला एटीएस-१ हा उपग्रह या विद्यापीठाच्या कामी आला. सत्तरच्या दशकात त्याच्या मदतीने बेटाबेटांवरच्या केंद्रांत बसलेले विद्यार्थी आणि सुव्यातले शिक्षक एकमेकांशी बोलू लागले. चित्र दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता. पण त्या आवाजाला प्रश्न विचारता येत होता, हे महत्त्वाचे. आज अनेक महागड्या अभ्यासक्रमांत चित्र उत्तम दिसते. प्रश्न विचारायची सोय मात्र नसते.

याच विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक विचार मांडला. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर बांधिलकी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या. वानुआतू या छोट्या देशाच्या सरकारने तो उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने आपले सल्लादर्शक मत दिले. छोट्या देशातल्या तरुणांना उत्तम शिक्षण मिळाले तर ते जगाचा कार्यक्रम बदलू शकतात, याचा यापेक्षा ठळक दाखला शोधावा लागणार नाही. त्याच वेळी हेही विसरता कामा नये की हे विद्यार्थी एका वर्गात एकत्र आले होते. कल्पना एकाची असेल, पण ती २७ जणांच्या चर्चेतून टणक झाली. दूरशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी या घटनेतून शिकायचे ते हेच: अंतर मिटवताना सोबत हरवू देऊ नये.

सोबत न हरवता पडद्यावर शिकवता येते, हे माल्टाने दाखवले. तिथल्या राजनय शिक्षण संस्थेत योवान कुर्बालिया यांनी १९९०च्या दशकात संगणक आणि राजनय यांची सांगड घालायला सुरुवात केली. त्यातून २००२ मध्ये माल्टा आणि स्वित्झर्लंड या दोन सरकारांनी डिप्लो फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. छोट्या आणि विकसनशील देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना तिने प्रामुख्याने ऑनलाइन शिकवले. तिची पद्धत साधी आहे. वीस-पंचवीस जणांचा गट असतो. दर आठवड्याला एक लेख वाचायचा. वाचताना एखादे वाक्य खटकले की ते अधोरेखित करून तिथेच आपले म्हणणे लिहायचे. त्याखाली दुसऱ्या देशातला सहाध्यायी उत्तर देतो, त्याखाली तिसरा, मग शिक्षक. आठवड्यातून एकदा सगळे ठरलेल्या वेळी एकत्र येतात आणि तीही चर्चा बहुतांशी टंकून होते.

या पद्धतीत शहाणपण आहे. टंकलेल्या चर्चेला वेगवान इंटरनेट लागत नाही. ज्याची इंग्रजी ही मातृभाषा नाही त्याला वाक्य जुळवायला सवड मिळते. फर्डे बोलणारा माणूस वर्ग व्यापून टाकत नाही. आणि राजनयाचा बराचसा भाग मुळात मसुद्यातल्या शब्दावर वाद घालण्याचाच असतो. एखाद्या करारात ‘करावे’ म्हणायचे की ‘करता येईल’ म्हणायचे, यावर रात्री जागवल्या जातात. म्हणजे इथे शिकण्याची रीत आणि पुढे करायचे काम एकाच जातीचे आहे. माल्टा विद्यापीठासोबतच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या ऑनलाइन शिक्षणाला काही दिवसांच्या प्रत्यक्ष भेटीची जोडही दिलेली आहे. आधी चेहऱ्यांची ओळख, मग महिनोन्‌महिने चालणारी चर्चा, हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे.

याच्या उलट बाजूचा अनुभवही पदरी आहे. २०१२च्या सुमारास नामवंत विद्यापीठांनी हजारो विद्यार्थ्यांसाठी मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा शिक्षणात क्रांती झाल्याची ग्वाही दिली गेली. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा तपशील तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. निम्म्याहून अधिक जणांनी तर नोंदणीनंतर एकदाही वर्गात डोकावून पाहिले नव्हते. विद्यार्थ्यांचे हे हाल, तर दिवसभर मतदारांच्या कामात बुडालेल्या लोकप्रतिनिधीचे काय होईल? ध्वनिचित्रफिती पाहा, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरे द्या, प्रमाणपत्र छापून घ्या, असा जो साचा सगळीकडे दिसतो, त्यातून नेतृत्वाचे प्रशिक्षण झाले असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे.

आफ्रिकेतल्या एका उपक्रमाने यावर चांगला तोडगा काढला होता. २०१० मध्ये बराक ओबामा यांच्या पुढाकाराने आफ्रिकी तरुण नेत्यांसाठी ‘याली’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात निवडणुका, नागरी जबाबदारी, सार्वजनिक कारभार अशा विषयांवर छोटे ऑनलाइन धडे होते. पण धडा पाहिलेल्यांनी आपल्या गावात किंवा वस्तीत माणसे जमवावीत आणि तो विषय त्यांच्यापुढे चर्चेला घ्यावा, अशीही योजना होती. त्यासाठी चर्चा कशी चालवायची याची टिपणे दिली जात. एकाने पडद्यावर पाहायचे आणि वीस जणांनी झाडाखाली बसून बोलायचे. ज्याला दुसऱ्यांना समजावून सांगायचे असते तो स्वतः अधिक नीट शिकतो, हे कोणीही शिक्षक सांगेल. शिवाय माणसे जमवणे, सगळ्यांना बोलू देणे, मतभेद सांभाळणे ही तर राजकीय कार्यकर्त्याची रोजची कामे. ती इथे अभ्यासाचाच भाग झाली.

मग पडद्यावर नेमके काय शिकवता येते? आपल्याच विधिमंडळातली उदाहरणे घेऊ. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांत फरक काय, कपात सूचना कधी द्यायची, पुरवणी मागण्यांची पुस्तिका कशी वाचायची, कॅगचा अहवाल लोकलेखा समितीपुढे कसा येतो, अशासकीय विधेयकाचा मसुदा कसा बांधायचा, हे सारे दुरून उत्तम शिकवता येते. उलट वर्गात एकदाच ऐकण्यापेक्षा, अधिवेशनाच्या आदल्या रात्री पुन्हा उघडून पाहता येणारा धडा जास्त उपयोगी. पण विरोधी बाकावरचा सदस्य कोणत्या मुद्द्यावर आपल्याबरोबर येईल, सभापतींची नजर कधी वेधायची, पक्षाचा आदेश आणि मतदारसंघाचे हित यांत ओढाताण झाली तर कुठे ताठ राहायचे आणि कुठे नमते घ्यायचे, हे माणसांत राहूनच उमगते. त्यासाठी जुना जाणता सोबती लागतो. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाने संसदीय कर्मचाऱ्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आखला, त्यात म्हणूनच थोडे दिवस माँट्रियलला राहणे, नंतर घरून ऑनलाइन अभ्यास आणि सोबत अनुभवी मार्गदर्शक, अशी तिहेरी रचना होती.

२०२०च्या साथीने हा विषय अधिक निकडीचा केला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये काही सदस्य सभागृहात आणि बाकीचे पडद्यावर अशी बैठक भरवली. आंतरसंसदीय संघाच्या पाहणीनुसार, वर्षअखेरपर्यंत सुमारे दोनतृतीयांश संसदांनी समित्यांच्या बैठका पूर्णतः किंवा अंशतः ऑनलाइन घेतल्या होत्या. पडदा हे केवळ शिकण्याचे साधन राहिले नाही. संसदेच्या कामाचेच ते एक ठिकाण झाले. साहजिकच तिथे बोलणे, ऐकणे, साक्ष घेणे हेही शिकण्याचे विषय झाले.

धोकेही तितकेच खरे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि देशाला जगाशी जोडणारी एकमेव समुद्री केबल तुटली. ती जोडायला पाच आठवडे लागले. सगळे शिक्षण एका तारेवर टांगून ठेवणे किती नाजूक असते, हे तेव्हा दिसले. उतरवून घेता येणारे धडे, छापील टिपणे, साध्या फोनवर चालणारी चर्चा यांची तजवीज म्हणूनच हवी. दुसरा धोका पाळतीचा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१च्या लष्करी बंडानंतर निवडून आलेल्या सदस्यांना संसदेची दारे बंद झाली आणि लष्कराने रात्रीच्या रात्री इंटरनेट तोडले. अशा देशात लोकशाहीच्या वर्गाला बसलेल्यांची यादी चुकीच्या हाती पडली तर ते थेट तुरुंगाचे निमंत्रण ठरू शकते. त्यामुळे नावे गुप्त राखणे हा अशा अभ्यासक्रमांच्या रचनेतला पहिला नियम असला पाहिजे.

तिसरा प्रश्न पैशाचा आणि त्यासोबत येणाऱ्या दृष्टीचा. लोकशाही प्रशिक्षणाचा मोठा खर्च आजवर पाश्चात्त्य देशांनी उचलला. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने आपली परदेशी मदत थांबवली आणि जुलैमध्ये ती मदत पोचवणाऱ्या यूएसएड या संस्थेचे काम संपले. १९८३ पासून अनेक देशांत राजकीय प्रशिक्षण देणाऱ्या नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेला मोठ्या प्रमाणावर माणसे कमी करावी लागली. एका राजधानीतल्या निर्णयाने जगभरचे वर्ग ओस पडावेत, ही रचनाच सदोष होती. त्यात आणखी एक गोष्ट आहे. पैसा ज्याचा, उदाहरणेही त्याचीच येतात. वेस्टमिन्स्टर किंवा वॉशिंग्टनचे दाखले देऊन शिकवलेला धडा ग्रामसभेच्या किंवा बेटावरच्या परिषदेच्या कामी येतोच असे नाही. तुवालूच्या सदस्याला नाउरूच्या सदस्याकडून, मालवणच्या नगरसेविकेला केरळच्या किनाऱ्यावरच्या नगरसेविकेकडून जे शिकता येईल, ते दूरच्या तज्ज्ञाकडून शिकता येणार नाही. ऑनलाइन माध्यमाची खरी ताकद या आडव्या नात्यांत आहे. महिला राजकारण्यांसाठी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर काही संस्थांनी मिळून सुरू केलेल्या ‘आयनो पॉलिटिक्स’ या उपक्रमाने चार भाषांत असा संवाद घडवून आणायचा प्रयत्न केला, तो या दृष्टीने मोलाचा आहे.

या कामात भारत नवखा नाही. १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेखाली विकसनशील देशांचे हजारो अधिकारी इथे शिकून गेले. १९७६ मध्ये लोकसभा सचिवालयात संसदीय अभ्यास आणि प्रशिक्षणाची खास शाखा सुरू झाली. आज ‘प्राइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत परदेशी संसदांचे कर्मचारी विधेयकाचा मसुदा करायला शिकतात. आफ्रिकी देशांना उपग्रह आणि केबलच्या जाळ्याने भारतीय विद्यापीठांशी जोडण्याची कल्पना डॉ. अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये मांडली होती आणि ती प्रत्यक्षात आली. या तिन्ही धाग्यांची वीण घालून छोट्या देशांच्या लोकप्रतिनिधींसाठी त्यांच्या भाषांत, त्यांच्या अर्थसंकल्पावर आधारलेला अभ्यासक्रम भारताने उभा करावा. जिथे इतरांनी हात आखडता घेतला आहे, तिथे ही मदत सर्वांत उपयोगी पडेल.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जवळचा आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. तिथे मुले कामकाज प्रत्यक्ष पाहतात आणि मंत्री, विरोधी नेते, पीठासीन अधिकारी यांची व्याख्याने ऐकतात. हा वर्ग वर्षातून काही दिवसांचा. त्याला वर्षभर चालणाऱ्या ऑनलाइन चर्चेची जोड दिली आणि त्यात इतर राष्ट्रकुल देशांतले विद्यार्थीही घेतले, तर नागपूरच्या बाकावर बसलेली मुलगी सुव्यातल्या मुलाशी पाणी, मासेमारी किंवा स्थानिक कर यांवर वाद घालू शकेल. २०२३च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या आहेत. ही तरतूद अमलात येईल तेव्हा आजच्या २८८ जागा धरल्या तरी महाराष्ट्राच्या विधानसभेत किमान ९६ महिला असतील. त्यांतल्या अनेक जणी पंचायत राज्यातून, सरपंचपद किंवा जिल्हा परिषद सांभाळून पुढे येतील. त्यांना मराठीतून, घराजवळून आणि निवडणुकीच्या आधीपासून शिकता आले पाहिजे. निकालानंतर दोन दिवसांचे शिबिर घेऊन हे होणार नाही.

राजकारणासाठी माणसे घडवावी लागतात, हा विचार पुण्याने शंभर वर्षांपूर्वी केला होता. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा नव्या सदस्याने पाच वर्षे शिकण्यात घालवावीत असा दंडक घातला. वाचन, प्रवास आणि ज्येष्ठांच्या नजरेखाली काम असे ते शिक्षण होते. गोखले स्वतःही असेच घडले होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम त्यांनी रानड्यांच्या देखरेखीखाली केले. त्या तालमीतून आलेल्या माणसाने १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले, तेव्हा तिजोरीत शिल्लक असताना रयतेवर मिठाचा कर का, हा सवाल सरकारच्याच आकड्यांनी उभा केला. आज ते आकडे पडद्यावर क्षणात मिळतात. ते वाचायची शिस्त आणि त्यांतून रयतेचा सवाल शोधणारी नजर कमवायला मात्र आजही सोबत आणि वेळ लागतो.

म्हणून अशा अभ्यासक्रमांना पैसा देणाऱ्या प्रत्येक सरकारने आणि संस्थेने आमच्या मते चार गोष्टींचा आग्रह धरावा. गट पंचवीस जणांपेक्षा मोठा नसावा. प्रत्येक शिकणाऱ्याला एक अनुभवी मार्गदर्शक असावा. अभ्यासाचा मजकूर त्याच्या स्वतःच्या सभागृहातल्या कागदांतून आणि शक्यतो त्याच्या भाषेत यावा. आणि पैसा कोणाचा, अभ्यासक्रम कोणी ठरवला, हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. हिशेब प्रमाणपत्रांच्या संख्येवर मांडू नये. वर्ग संपल्यावर पुढच्या अधिवेशनात त्या सदस्याने कोणता प्रश्न विचारला, कोणती कपात सूचना दिली, समितीत कोणता खर्च थांबवून धरला, हे पाहावे. तुवालूतल्या १६ जणांपैकी एकाने जरी अर्थसंकल्पाचे पान उलटून नेमका सवाल केला, तर त्या दूरच्या वर्गाचे सार्थक झाले.